माऊची गुरगुर

माझा धाकटा भाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. त्याच्याकडे शिकलेला माणूस हॉर्न वाजवत नाही, याचा त्याला भारी अभिमान. 'हॉर्न म्हणजे ड्रायव्हरची लाज,' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. शिकाऊ माणसाचा हात हॉर्नकडे गेला रे गेला की हा एक बोट वर करतो आणि 'शू' म्हणतो. घरीही तेच. भावजय कधी भांडं आपटत नाही, पोरगं रडलं तरी तोंड दाबून रडतं. मी गेले की त्या घरात काय ते मोठ्याने बोलणं होतं. त्यावरून टोमणे बसतात मला. बसू देत.

मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. डॉक्टरबाई सुई टोचतात, मी कुत्री-मांजरं धरते आणि मागाहून फरशी पुसते. एका सकाळी शटर उघडायला गेले तर पायरीवर खोकं, आणि खोक्यात कुत्र्याची पिल्लं. बाकीची कोणी ना कोणी उचलली, पांढऱ्या पंजांचं एक काळं तेवढं उरलं. माझी एकच खोली, दिवसभर कुलूप. म्हणून ते भावाकडे नेऊन दिलं. पुतण्या नुकता बोलायला लागला होता. त्याने पिल्लाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "माऊ." झालं! कुत्र्याचं नाव माऊ. आता याला काय म्हणायचं?

माऊने आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं. जिथे तिथे मुतायचा, चपला कुरतडायचा, पोराच्या पायाचे अंगठे धरायचा, आणि एकटं ठेवलं की असा गळा काढायचा की शेजारचे दार वाजवायचे. पण भावाला मानलं पाहिजे. गाडी शिकवणाऱ्याकडे असतो तसला चिवटपणा त्याच्याकडे होता. खाऊन झालं की बाहेर, झोपून उठलं की बाहेर, आणि बाहेर मुतला की तिथल्या तिथे उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात मुतला तर एक शब्द न बोलता फडकं मारायचा. चपला कपाटात गेल्या, माऊला गाठी मारलेला जुना टॉवेल मिळाला. दात लावले की खेळ बंद, सगळ्यांनी पाठ फिरवायची. रडण्यासाठी तर हा स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहायचा, आधी क्षणभर, मग थोडं जास्त, मग कोपऱ्यावर जाऊन यायचा. जिना चढणारे विचारायचे, बायकोने बाहेर काढलं वाटतं? हा आपला गप्प.

आणि जीव किती लावला त्याच्यावर! शिकवायला जाताना माऊ मागच्या सीटवर. आमचा हा घुम्या, बायकोशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा, आरशातून कुत्र्याशी गप्पा मारायचा. "बघ, क्लच सोडला बघ पुन्हा." शिकायला येणाऱ्या बायका हसायच्या. मला बरं वाटायचं. आई गेल्यापासून एवढं बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

मग माऊ भांड्यावर गुरगुरायला लागला. खाताना कोणी जवळून गेलं की मान खाली आणि घशातून घरघर. भावाला ते सहनच होईना. माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन, माझ्यावरच आवाज? मारलं नाही हां त्याने, कधीच नाही. गुरगुर आली की बोट वर, 'शू', भांडं उचललं, माऊ बाथरूममध्ये. थोड्या वेळाने बाहेर, पुन्हा भांडं. गप्प राहून खाल्लं की अंडं. कुत्रं हुशार होतं. महिनाभरात आवाज पार बंद.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने आम्हाला सगळ्यांना समोर बसवून दाखवलं. माऊ खात होता, आणि याने सरळ भांड्यात हात घातला, खाणं ढवळलं, भांडं इकडचं तिकडे केलं. माऊ नुसता ताठ उभा राहिला आणि मग आणखी भराभर गिळायला लागला. चकार आवाज नाही. "काय म्हणतेस ताई?" भाऊ म्हणाला. मी म्हटलं, "अरे, तू सर्कसच काढ आता." भावजयसुद्धा हसली. पोराने टाळ्या पिटल्या.

त्यानंतरच्याच आठवड्यात, माऊ खात असताना, पोराची खेळण्यातली गाडी घरंगळत भांड्यापाशी गेली. पोरगं ती घ्यायला वाकलं. भावजय पोळ्यांची कणीक मळत तिथेच उभी होती. ती म्हणते, "ताई, मला काही ऐकूच आलं नाही हो. आवाज आला असता तर मी ओढलं असतं त्याला." गाल फाटला होता, हाताला दात आरपार. हॉस्पिटलात टाके घालताना पोरगं बापाकडे बघत होतं आणि ओठ आवळून धरत होतं. नर्स म्हणाली, किती शूर मुलगा आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भावाला तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं, "रडू दे रे त्याला! बोंबलू दे!" तो भिंतीकडे बघत उभा राहिला.

त्या दिवशी भावजयीने लग्नानंतर पहिल्यांदा आवाज चढवला. "तो कुत्रा या घरात राहणार असेल तर मी पोराला घेऊन जाते." तिचं काय चुकलं? काहीही नाही. मी म्हटलं, मी ठेवते माऊला. खोली लहान आहे, पण ठेवते. शेवटी आणला मीच होता. भावाच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद असतो तेव्हा, तो माऊला माझ्या हवाली करायला घेऊन आला. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चावायच्या आधी गुरगुरला होता का?"

"छे!" भाऊ म्हणाला. "ती सवय मी केव्हाच मोडली."

एवढं बोलला आणि बोलता बोलता थांबला.

"गुरगुरतो म्हणजे तो सांगत असतो, मला भीती वाटतेय, लांब राहा," त्या म्हणाल्या. "भीती तशीच राहिली, सांगायचं तेवढं बंद झालं." मग माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुमच्याकडे शेजारची मुलं येतात ना?"

येतात. दिवसभर येतात, दार लोटून सरळ आत.

"गुरगुरणारा कुत्रा मी तुमच्याकडे आनंदाने देईन. तोंडाला जाळी घालू, जेवण दाराआड देऊ, जमवू आपण. पण न सांगता चावणारा मी कोणाकडेच देऊ शकत नाही. आज तुमचा हात असेल, उद्या कोणाचं पोर. मला आधी बघू दे."

त्यांनी रबरी हातमोज्यात कापूस ठासला आणि तो काठीला बांधला. मी माऊला भिंतीच्या कडीला बांधलं, समोर मांसाचं भांडं ठेवलं आणि बाजूला झाले. भाऊ समोर उकिडवा बसला. खरं सांगते, आयुष्यात देवाकडे कधी कुत्र्याची गुरगुर मागेन असं वाटलं नव्हतं.

बाईंनी काठी हळूहळू पुढे सरकवली. माऊ ताठ झाला. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. तो गपागपा गिळत होता.

"गुरगुर," भाऊ कुजबुजला. "माऊ, गुरगुर ना रे."

माऊने नजर वर करून त्याच्याकडे पाहिलं. हातमोजा भांड्याला लागला. आवाज नाही. एका झटक्यात त्याने तो धरला आणि असा हिसडला की कापूस टेबलाखाली उडाला.

"पुन्हा करा," भाऊ म्हणाला.

बाईंनी दुसरा मोजा बांधला. भाऊ आता जमिनीवर पोटावर झोपला होता, माऊच्या तोंडासमोर तोंड करून, स्वतः घशातून घरघर काढत. लोकांना गाडी शिकवणारा, घुम्या, चाळिशीचा माणूस. "असं कर. असं. घर्रर्र. अरे राजा, कर ना." मी माऊच्या पोटाखालून हात घालून त्याला मागे ओढून धरला, न जाणो भावाचंच तोंड धरायचा. माऊचे कान हलले. शेपूटसुद्धा जराशी हलली. मोजा जवळ आला तसा तो पुन्हा ताठला आणि पुन्हा मुकाट्याने चावला. चावून झाल्यावर मोजा सोडला, खाली बसला आणि भावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अजून एकदा," भाऊ म्हणाला.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या कपाटातून कायमचं झोपवायच्या सुईची बाटली काढायला गेल्या.

"ताई, तो ऐकतोय गं माझं. बघ ना कसा बघतोय. मी शिकवतो त्याला परत. मला वेळ द्या म्हणावं बाईंना."

मला त्याचा इतका राग आला होता की त्याचं मुस्काट फोडावंसं वाटत होतं, आणि इतकी कीव आली होती की त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटत होतं. त्यातलं काहीच केलं नाही. माझे हात दुसऱ्या कामाचे.

"ऐकतोय रे," मी म्हटलं. "अजूनही तुझंच ऐकतोय. उचल त्याला, टेबलावर ठेव. पुढचे पाय मी धरते."