चिठ्ठीवर छप्पन

घरचं नाव काय असेल ते असो, टेनिस कोर्टवर पोरीला सगळे तोफ म्हणायचे. वय तेरा, अंगाने काडी, पण फोरहँड असा, की समोरची मुलगी आधी बाजूला व्हायची आणि मग चेंडू कुठे गेला ते बघायची. आठ-दहा दिवसांनी रॅकेटची तार तुटायचीच. तुटली की तोफ कोर्टाशेजारच्या दुकानात. दुकान कसलं, खोलीच ती: एक यंत्र, एक स्टूल, खिळ्यांना टांगलेल्या रॅकेटा, आणि मावशी.

मावशी गटिंग करायची. रॅकेटच्या चौकटीत आधी उभ्या सोळा तारा, मग त्यांच्यातून वरखाली विणत आडव्या एकोणीस. किती पाउंडांनी ताणायच्या ते गिऱ्हाइकाने सांगायचं, मावशीने तो आकडा चिठ्ठीवर लिहून मुठीला चिकटवायचा. सत्तावीस वर्षं हेच.

तोफेच्या चिठ्ठीवर असायचं छप्पन.

तारांत असायचं पन्नास.

*

सुरुवात एका बाटलीपासून झाली. पाच महिने झाले त्याला. रॅकेट न्यायला आलेल्या तोफेने पाण्याची बाटली उघडायला उजवा हात लावला, थांबली, बाटली काखेत दाबली आणि डाव्या हाताने झाकण फिरवलं.

"कोपर?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"बाबांना सांगू नका हं, मावशी."

म्हणजे कोपरच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तोफेचे वडील स्वतः खेळलेले, आणि खेळलेल्या माणसाला खेळातलं सांगायला जाणं म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणं. कडक मारणाऱ्याला कडक तार, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सैल तारेवरून चेंडू उडतो, घट्ट तारेवर काबूत राहतो. खोटंही नव्हतं ते. फक्त घट्ट तारेचा प्रत्येक दणका कोणाच्या तरी हाडात जाऊन बसतो, एवढंच त्यात नव्हतं.

मावशी बोलली नाही. यंत्राचा काटा तिने सहा घरं खाली आणला आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरात छप्पन लिहिलं.

पहिला आठवडा तोफेचे चेंडू कुंपणाला लागत होते. मग तिचा हात आपोआप खालून वर घासून मारायला शिकला, चेंडू फिरत जाऊन रेषेच्या आत पडू लागले. बाटली उजव्या हाताने उघडू लागली.

आणि वडील? रॅकेट हातात आली की ते बोटाच्या पेराने तारांवर टक् वाजवायचे, कान जवळ न्यायचे.

"हां! छप्पन म्हणजे छप्पन. ताई, तुमच्या हाताला तोड नाही."

मावशी खाली बघून तारांचे तुकडे गोळा करायची.

*

आज ते दोन रॅकेटा घेऊन आले. मोठ्या दुकानातून, चार दिवस खेळून बघायच्या बोलीवर. एक दोनशे पंचाण्णव ग्रॅमची, एक तीनशे वीसची. कारखान्यातूनच बसवून आलेल्या साध्या तारा होत्या दोन्हींत.

"हलकी उगाच आणलीय, दुकानदार मागेच लागला," वडील म्हणाले. "घ्यायची ती ही. मोठ्यांची. पुढच्या महिन्यात मोठ्या गटात उतरतेय बाईसाहेब. हिच्या तारा काढा, आणि अठ्ठावन्न मारा."

"अठ्ठावन्न?"

"मग? छप्पन तर पोरीने पचवलं."

तोफ दारात उभी राहून बुटाची नाडी पुन्हा बांधत होती. बांधलेलीच होती ती.

"तुम्हाला वेळ नसला तर राहू द्या," वडील म्हणाले. "मोठ्या दुकानात कंप्युटरवालं यंत्र आलंय. उभ्या उभ्या करून देतात."

तिथे अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. तीनशे वीस ग्रॅम, आणि वर आठ पाउंड जास्त, त्याच कोपरावर.

*

मावशीने मनात सांगून पाहिलं.

एकदा असं: माझं यंत्र बिघडलं होतं हो, कमी ओढत होतं. (बिचारं यंत्र. त्याला तोंड नाही म्हणून.)

एकदा असं: पोरीचं कोपर दुखत होतं. (म्हणजे पोरीचा विश्वास मोडायचा, आणि आपण मात्र साळसूद.)

एकदा असं: काहीच नाही. अठ्ठावन्न लिहायचं, पन्नास ओढायचं. (हे सगळ्यात सोपं. सोपं होतं म्हणूनच इथवर आलो.)

मग तोंडातून जे बाहेर पडलं ते यांतलं कुठलंच नव्हतं.

"तिने छप्पन पचवलेलं नाही. मी ते देणंच थांबवलं. पाच महिने पन्नास देतेय."

*

"काय?"

"पन्नास."

"अहो, मी वाजवून बघतो दर वेळी!"

"बघता खरं."

तोफेला हसू आलं. ते तिने खोकल्यात घातलं, पण बसलं नाही.

"तुला माहीत होतं?" वडील तिच्याकडे वळले.

"नाही! मला वाटलं, माझाच हात सुधारला."

"सुधारला होताच," मावशी म्हणाली. "आधी कसा दुखायचा ते आता तूच सांग."

तोफेने सांगितलं. बाटली, दप्तर, रात्री कुशीवर वळताना लागणारी कळ. तुटक तुटक, नाडीकडे बघत. वडील ऐकत होते आणि त्यांची मान हळूहळू खाली जात होती. मग ती झटक्यात वर आली.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! माझी पोर, ताई. तुमच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून मी पुढचं ठरवत होतो."

"हो."

"हो काय हो?"

"चुकलं माझं. दुसरं काय म्हणू? कोपर वाचवायला गेले आणि तुम्हाला आंधळं ठेवलं. पण आजचं तरी उघड्या डोळ्यांनी करा. दोन्ही रॅकेटा घ्या आणि तासभर खेळवा. पहिले दहा चेंडू मोजू नका. ताज्या हाताला सगळंच आवडतं. दमलेल्या हाताला विचारा."

*

जड रॅकेटने पहिली वीस मिनिटं कुंपण हादरलं. वडिलांनी दुकानाच्या खिडकीतून बघणाऱ्या मावशीकडे विजयी नजर टाकली.

पंचविसाव्या मिनिटाला चेंडू शरीराच्या पुढे भेटायचा तो बाजूला भेटू लागला. पस्तिसाव्या मिनिटाला मागे; दमलेला हात उशिरा पोचत होता. पोर कोपर बरगडीला चिकटवून मारत होती. वडील चेंडू टाकायचे थांबले. जाळ्यापाशी जाऊन त्यांनी तिच्या हातातली रॅकेट काढून घेतली आणि दुसरी दिली.

हलकीने ती दमलेल्या हातानेच खेळली. आवाज तेवढा मोठा नव्हता. चेंडू मात्र रेषेच्या वीतभर आत पडून खांद्यापर्यंत उसळत होते, आणि वडिलांना दोनदा मागे पळावं लागलं.

*

"ही," ते दुकानात येऊन म्हणाले. "आणि उद्या डॉक्टर. पन्नास ठेवा. पण मी इथे उभा राहणार."

"राहा."

ते यंत्राला खेटून उभे राहिले. प्रत्येक तारेला काटा बघायचे. सोळा उभ्या झाल्या. आडव्यांतली सातवी विणताना मावशीचं एक घर चुकलं. तिने तार ओढून काढली, पुन्हा विणली. एरवी असं होत नसे.

"पुढच्या वेळेपासून मी दुसरीकडे करून घेईन," ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले.

"घ्या. आकडा मात्र हाच सांगा."

"बाबा," तोफ म्हणाली, "दुसरीकडे का?"

"कारण इथे खोटं लिहितात."

"मीपण खोटंच बोलत होते की. मला कुठे पाठवणार?"

वडिलांनी काट्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. गाठ बसली, कात्री चालली. मावशीने चिठ्ठी घेतली, पन्नास लिहिलं आणि गोंदाच्या डबीकडे हात नेला.

"थांबा," ते म्हणाले. "खाली सही करा."

तिने सही केली. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली, आणि मग स्वतःच्या हाताने मुठीला चिकटवली.