खडापत्थरचा उतार

व्हिडिओत प्रोमिला हसत होती. मागे देवदार, पुढे चकचकीत निळी पिकअप. दारावर हात टेकवून ती म्हणत होती, "इंजिन म्हणाल तर बैलाचं काळीज. सीट म्हणजे आईची मांडी. डोळे मिटून घ्या!" मग वाजंत्री, मग कंपनीचं नाव आणि त्याखाली पिकअपचं: गजराज.

शिमल्यापलीकडच्या डोंगरांत, खडापत्थरच्या खिंडीतल्या चहाच्या टपरीवर पाचसहा ड्रायव्हर त्या मोबाइलवर वाकले होते.

"वा भाभी, हिरॉईन झालीस की! आजचा चहा तुझ्याकडून."

प्रोमिलाने व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"मी असं म्हटलंच नव्हतं," ती म्हणाली.

"मग काय जुळी बहीण बोलतेय तुझी?"

सगळे हसले. ती हसली नाही. पेला तसाच टाकून ती आपल्या जुन्या गाडीकडे गेली.

प्रोमिला ब्राग्टा बारा वर्षं या रस्त्यावर सफरचंदाच्या पेट्या वाहत होती. जुब्बलच्या बागांतून खिंडीपर्यंत चढ, तिथून कोटखाईपर्यंत वळणावळणाचा उतार, आणि पुढे फळांची मंडी. सुरुवातीला बाईच्या हाती गाडी बघून बागवाले पेट्या द्यायला कां-कूं करायचे. आता माल तिच्या गाडीत चढला की घरी जाऊन निवांत झोपायचे. नवी गाडी घ्यायची तर आधी प्रोमिलाला विचारायचं, हा खोऱ्यातला रिवाजच होता. म्हणून तर कंपनीने तिला शोधून काढलं होतं.

जूनमध्ये खोऱ्यातल्या पाच ड्रायव्हरांना गजराज चार-चार दिवस चालवायला दिली होती. हवी तशी चालवा, मग कॅमेऱ्यासमोर वाटेल ते बोला, असं सांगून. बाकीचे चौघे बायकापोरांना घेऊन हाटकोटीच्या देवळात जाऊन आले. प्रोमिलाने गाडीत वाळूची पोती भरली. दारावर वजन लिहिलं होतं, त्याहून किलोभरही जास्त नाही. आणि खडापत्थरचा उतार उतरली. कॅमेऱ्यासमोर ती इंजिनाबद्दल बोलली, सीटबद्दल बोलली, तेही मनापासून, कारण दोन्ही खरंच चांगलं होतं. आणि मग म्हणाली होती, "पण भरलेल्या गाडीचा ब्रेक चौथ्या-पाचव्या वळणाला मऊ पडतो. पाय जमिनीला टेकतो तरी गाडी ऐकत नाही. डोळे मिटून घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. आधी ब्रेक सुधारा."

त्यातली तीन वेचक वाक्यं त्यांनी उचलली होती, आणि एक तर निम्म्यावरच कापलं होतं.

तिने कंपनीला फोन केला. लागला नाही. पुन्हा केला, तर एका मुलीने तक्रार लिहून घेतली आणि दिवस शुभ जावो म्हणाली. तेवढ्यात हंगाम तोंडावर आला, झाडं लाल झाली आणि प्रोमिलाला मान वर करायला सवड राहिली नाही. भेटेल त्याला ती तोंडाने सांगत होती, पण तिचं तोंड पोचायचं चार गावांत. व्हिडिओ घराघरात पोचला होता.

लोकिंदर तिचा चुलत दीर. शेजारचंच घर. गाडी चालवायला त्याला तिनेच शिकवलं होतं. व्हिडिओ आला तेव्हा तो भाचीच्या लग्नासाठी चंबाकडे गेलेला होता, आणि परतताना परस्पर शिमल्याहून गजराज घेऊनच आला. भाभीला चकित करायचं म्हणून आधी बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पेट्या भरून तो निघून गेला, तेव्हा प्रोमिला मंडीत होती.

तिला फोन आला तो कोटखाईच्या दवाखान्यातून. ब्रेक गेल्यावर लोकिंदरने गाडी दरीकडे न नेता डोंगरावर घातली होती. म्हणून जगला. उजवा पाय मांडीपासून मोडला होता.

ती धावत पोचली. तो खाटेवर पांढराफटक पडला होता.

"दुसऱ्या गिअरमध्येच होतो भाभी," तिला बघताच तो म्हणाला. "तू शिकवलंयस तसंच. पेट्याही जास्त नव्हत्या. शपथ घेतो."

"शपथ कशाला घेतोस? माहितेय मला."

"माहितेय?" त्याने मान वळवली. "मग व्हिडिओत तसं का म्हणालीस?"

ती सांगायला लागली, पण उशाशी त्याची आई बसली होती, रामदेई चाची. तिने हात वर करून तिला थांबवलं.

"किती दिले ग त्यांनी तुला?" चाची म्हणाली. "माझ्या पोराच्या पायाचे किती आले?"

प्रोमिला मागे फिरली. ती बाहेर आली, दवाखान्याच्या भिंतीला हात टेकून उभी राहिली, आणि मग तिच्या अंगाची लाहीलाही सुरू झाली. रडू येईल असं वाटलं होतं. ते आलंच नाही.

या वेळी तिने फोन सोडला नाही. अकराव्यांदा सभरवाल नावाचा साहेब फोनवर आला. जूनमध्ये कॅमेऱ्यामागे उभा राहून हाच माणूस "वा मॅडम, क्या बात है," म्हणत होता.

"वाईट झालं मॅडम," तो म्हणाला. "पण आमची गाडी सगळ्या चाचण्या पास झालीय. तुमचा माणूस नवखा असेल."

"त्याला गाडी मी शिकवलीय."

तो म्हणाला, "मग शिकवण्यातच काही राहिलं असेल."

प्रोमिलाने फोन बंद केला.

आठवड्याभराने टपरीवाल्याने बातमी दिली. कंपनी खडापत्थरच्या हॉटेलात दिल्ली-चंदीगडचे पत्रकार आणतेय. नवी एसयूव्ही आली होती, तिच्यासोबत गजराजही चालवून दाखवायची, आणि मग त्यांनी आपापल्या मासिकांत लिहायचं, गाडी कशी वाटली ते.

पत्रकार आले त्या सकाळी प्रोमिलाने बागेतून साठ पेट्या भरल्या आणि आपली जुनी गाडी हॉटेलच्या फाटकात आडवी लावली. आत आठ नव्या गाड्या ओळीने उभ्या, एकीच्याही टायरला चिखल नाही. पत्रकार हातात कॉफीचे पेले घेऊन फोटो काढत होते. पांढऱ्या टोपीतला सभरवाल धावत आला.

"मॅडम, गाडी बाजूला घ्या! हे काय चाललंय?"

"तुमच्या गाडीची ओटी भरायला आलेय," प्रोमिला खाली उतरत म्हणाली. मग तिने आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "साहेब लोकहो, व्हिडिओतली बाई मीच. डोळे मिटून घ्या म्हणणारी. मी तसं म्हटलं नव्हतं. माझा दीर ते ऐकून गाडी घेऊन बसला आणि आज मांडी मोडून खाटेवर पडलाय."

कुणीतरी मोबाइल वर धरला. सभरवाल हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "घरगुती मामला आहे, भावनेच्या भरात..."

"घरगुती कसला रे? तुझ्या घरातलं कोण मोडलंय?"

पत्रकारांतून एक जाडजूड सरदारजी पुढे आला. गुरतेज वालिया. वीसेक वर्षं गाड्या चालवून लिहिणारा, दाढी पिकलेला. "बहेनजी, मी सकाळीच चालवली ती पिकअप," तो समजुतीने म्हणाला. "ब्रेक ठीक लागत होते."

"रिकामी चालवलीत?"

"हो."

"रिकामी पिकअप म्हणजे माहेरी आलेली पोरगी, भाईजी. ती गोडच वागणार. सासरी नांदते कशी ते बघायला नको? सोफासेट न्यायला घेतो का कुणी ही गाडी?" तिने आपल्या हौद्याकडे हात केला. "साठ पेट्या आहेत. गजराजच्या दारावरचं वजन तुम्हीच वाचा. त्याच्या आत आहे. या गजराजमध्ये चढवा आणि कोटखाईच्या बाजूने चला माझ्याबरोबर."

"विम्यात बसत नाही ते," सभरवाल घाईने म्हणाला. "आणि रस्त्यावर रहदारी..."

"रहदारीतच विकताय ना?" वालियाने त्याला विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. "पंधराशे किलो असं तुमच्याच कागदावर लिहिलंय. मग भरायला काय हरकत?"

टपरीवरचे ड्रायव्हर एव्हाना जमले होते. कुणी सांगायच्या आतच त्यांनी पेट्या हातोहात हलवल्या आणि दोर बांधले. पुढे दोघे जण जीप घेऊन निघाले, समोरून येणाऱ्यांना थांबवायला. प्रोमिलाने गजराजचं दार उघडलं आणि सभरवालकडे बघितलं.

"या. मधे जागा आहे."

सभरवाल जागचा हलला नाही. एकदा खिशातला फोन काढला, परत ठेवला. सगळे बघत होते.

"मला इथलं बघायचंय," तो म्हणाला.

"बघितलंत?" प्रोमिला पत्रकारांकडे वळली. "गाडी बनवणाऱ्याला तिच्यात बसायचं नाहीये. एवढं लिहा, बाकी नाही लिहिलंत तरी चालेल."

वालिया चालवायला बसला, ती शेजारी. "दुसरा गिअर, भाईजी. काढायचा नाही. आणि मी म्हणेन तेव्हा म्हणेन ते करायचं."

पहिली तीन वळणं वालिया तज्ज्ञासारखा बोलत होता. स्टिअरिंग हलकं आहे, आवाज आत येत नाही. चौथ्या वळणाला तो गप्प झाला. ब्रेकच्या लायनरचा जळका वास आत आला. पाचव्याच्या आधी त्याने ब्रेक दाबला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"जात नाहीये... म्हणजे पाय जातोय, पण..."

"पंप करा. सोडा, दाबा, सोडा, दाबा. गिअर पहिला. आता! हँडब्रेक थोडा थोडा. डावीकडे, डोंगराकडे घ्या, पुढे झऱ्यापाशी चढाची जागा आहे. माझ्याकडे नका बघू!"

गिअर पडताना गाडी किंचाळली. मागे पेट्या कुरकुरल्या. डावीकडची खडीची जागा आली, गाडी तिच्यावर चढली, घसरली आणि थांबली. चाकांतून धूर निघत होता.

वालियाने गाडी बंद केली.

"माझा लेख सकाळीच मनात लिहून झाला होता," तो म्हणाला. "ब्रेक भरवशाचे, असं वाक्यही ठरलं होतं."

त्याला वाटलं असेल, बाई आता समजूत घालेल. प्रोमिलाने घातली नाही.

"किती वर्षं लिहिताय?"

"बावीस."

"बावीस वर्षं रिकाम्या गाड्या चालवून, त्यांची कॉफी पिऊन लिहिताय. आणि लोकं तुमचं वाचून दरीच्या कडेला माल भरून जातात. लाज नाही वाटली कधी?"

खाली उतरून तो झऱ्याचं पाणी तोंडावर मारत राहिला.

वालियाने लिहिलं. जसं घडलं तसं, वजनासकट, वळणांसकट. त्या दिवशीच्या बाकी अकरा जणांपैकी दोघांनीच लिहिलं. उरलेल्यांनी एसयूव्हीच्या छतातल्या काचेचं कौतुक छापलं. कुणीतरी काढलेला सभरवालचा व्हिडिओ मात्र खोऱ्याबाहेर खूप दूर गेला. पंधरा दिवसांत कंपनीने जाहिरात काढून टाकली आणि विकलेल्या गजराज परत बोलावून पुढचे ब्रेक बदलून दिले. कागदावर लिहिलं होतं, ग्राहकांच्या अधिक समाधानासाठी. लोकिंदरच्या पायाचा त्या कागदावर उल्लेख नव्हता. सभरवालच्या जागी आलेल्या नव्या साहेबाने प्रोमिलाला फोन करून विचारलं, सुधारलेली गाडी चालवून परत चार शब्द बोलाल का? तिने त्याला जे चार शब्द सुनावले ते छापण्याजोगे नाहीत.

लोकिंदर कुबडी घेऊन चालायला लागला. त्याला सगळं कळलं होतं, त्याने हॉटेलातला तो व्हिडिओही पाहिला होता. चाचीने काहीच पाहिलं नाही. वाटेत भेटली तर ती दुसरीकडे बघायची. प्रोमिलाला त्याचा राग यायचा, मग त्या रागाचाच राग यायचा.

हंगाम संपत आला तेव्हा चाचीच्या वरच्या बागेतली शेवटची फळं उतरली. न्यायला घरात गाडी नव्हती, चालवायला माणूस नव्हता. एका सकाळी प्रोमिलाने आपली गाडी त्या बागेखाली नेऊन उभी केली आणि काही न बोलता पेट्या चढवायला लागली. चाची वर काठी धरून उभी होती. बऱ्याच वेळाने ती खाली आली.

"चाची, मी तेव्हा..." प्रोमिलाने सुरुवात केली.

"तू बोलू नकोस," चाची म्हणाली, आणि दोराचं एक टोक पकडून तिने ते ओढून धरलं. "गाठ मार नीट. डाव्या बाजूला सैल आहे."

प्रोमिलाने गाठ मारली.