घेवड्याच्या दोन पुरचुंड्या

आधीच सांगते, मी स्वभावानं काही फार चांगली नाही. कपडे मात्र चांगले शिवते. अर्ध्या गल्लीच्या विजारी माझ्याकडून आखूड होऊन जातात आणि फ्रॉक सैल होऊन. पण एखाद्याबद्दल मनात अढी बसली, की ती उसवणं मला जमत नाही.

शेजारच्या बाईंबद्दल अशीच अढी बसली होती, आणि तिचं कारण होतं पुदिना. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. त्यांच्या आणि आमच्या परसामध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून मी त्यांना एकदा पुदिन्याची चार मुळं दिली. वर्षभरात माझा पुदिना काटकुळा झाला आणि त्यांचा असा माजला, की गल्लीभर वाटूनही संपेना. वाटला त्याचं काही नाही, पण लोक म्हणायला लागले, "बाईंचा पुदिना!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि त्यानंतर बाईंनी माझ्या आईचा घेवडा मागितला.

हा घेवडा बाजारात मिळत नाही. शेंग हिरवीगार आणि कडेनं जांभळी रेघ, कुणी बारीक टीप घातल्यासारखी. आई गेल्यावर भावांनी भांडी घेतली, बहिणीनं बांगड्या घेतल्या आणि मी डब्यात राखेत ठेवलेलं मूठभर बी मागून घेतलं. तेव्हा सगळे मला हसले होते. त्याला आता आठ वर्षं झाली. दरवर्षी मी ते पेरते, शेंगा खाते आणि थोड्या शेंगा वेलावरच वाळू देऊन पुढच्या वर्षाचं बी धरते. मांडवाखाली उभी राहून शेंगा तोडत असले, की आई भेटल्यासारखं वाटतं. ते बी मी कुणालाही दिलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

पण बाईंना तोंडावर नाही कसं म्हणणार? माझी मुलगी गणितात पास झाली ती त्यांच्यामुळे. मी "देते की" म्हणाले, घरात आले, मंद आचेवर तवा ठेवला आणि वीसेक बिया हलक्या हातानं भाजून काढल्या. बी मुळातच काळपट, कुणाला काय कळणार? मागितलं तर दिलं, आता नाही उगवलं तर मी काय करू, असं म्हणायला मी मोकळी.

भाजलेलं बी एका चिंधीत बांधलं आणि माझं चांगलं बी दुसरीत. चिंध्या एकाच पडद्याच्या. भाजलेल्याला लाल दोरा बांधायचा असं ठरवलं, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक. त्यानं विजारीची उंची दोनदा मापून घेतली, तिसऱ्यांदा मत बदललं आणि मग तो गेला. तोवर दोन्ही पुरचुंड्या मशीनवर शेजारी शेजारी पडलेल्या. सारख्याच गार, सारख्याच फुगीर.

माझ्या नाकावर माझा भारी विश्वास. दोन्ही हुंगल्या. एकीला खमंग वास आला, ती बाईंना देऊन टाकली.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून खिडकीत बसलेले असतात, त्यांना काही दिसत नाही असं मला नेहमी वाटतं. वर न बघता म्हणाले, "काय गं, बी हुंगत का होतीस?"

"किडलंय का ते बघत होते."

"बरं," एवढंच ते म्हणाले.

दोन्हीकडे पेरणी एकाच दिवशी झाली. सहाव्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, तुमच्या आईचा घेवडा आला हं!"

मी भिंतीवरून वाकून बघितलं. जाडजूड पानांची जोडी डोक्यावर घेऊन रोपं उभी होती. माझ्या वाफ्यात मात्र शुकशुकाट. मी मुंग्यांना शिव्या दिल्या. पाणी जास्त झालं असेल म्हणून ह्यांच्यावर खेकसले. वास्तविक त्यांनी झारीला हातही लावला नव्हता. उरलेल्या बिया पुन्हा पेरल्या. त्याही गेल्या. मग एका दुपारी काजं करता करता सुई हातातच राहिली. तो खमंग वास पुरचुंडीला नव्हता, माझ्याच बोटांना होता. आईचं बी मी स्वतःच्या हातानं भाजून स्वतःच्याच मातीत पुरलं होतं.

बाईंचा वेल भिंतीवर चढला. मग जांभळी फुलं आली, मग शेंगा. रोज सकाळी बाई टोपली भरायच्या. एक वाटा आम्हालाही यायचा आणि मी तो खाली मान घालून शिजवायची. पण जिवाला घोर वेगळाच होता. बाई शेंग कोवळी दिसली की तोडायच्या. बियाला म्हणून एकही मागे ठेवत नव्हत्या. वेलाचा बहर ओसरत चालला होता. अजून पंधरा दिवस हे असंच चाललं असतं, तर आईचा घेवडा जगातून संपला असता आणि ते फक्त मला ठाऊक असतं.

शेवटी गेले. हात पुसत, पदर सारखा करत, चेहऱ्यावर उसनं हसू आणून.

"बाई, वरच्या थोड्या शेंगा वेलावरच वाळू द्या ना."

"कशाला हो?"

"बियाला."

"अहो, बी तर तुमच्याकडे आहे की! लागेल तेव्हा घेईन मागून."

"माझ्याकडे नाहीये."

"म्हणजे? मला दिलंत त्यातलं उरलं असेल ना?"

इथे थाप मारता आली असती. उंदरांनी खाल्लं म्हणता आलं असतं. पण बाईंनी आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्या होत्या, आणि त्या चष्म्यावरून माझ्याकडे तसंच बघत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. पुदिन्यापासून सांगितलं. तवा, चिंधी, माझं तिखट नाक, सगळं.

बाईंनी टोपली उचलली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी भिंतीशी तशीच उभी राहिले. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

महिनाभर आमच्यात शब्द नव्हता. ह्यांना कळलं तेव्हा त्यांनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यासारखी तूच." मी रोज चोरून वेलाकडे बघायची. खालच्या शेंगा तोडलेल्या, वरच्या मात्र तशाच. त्या पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. मग एका सकाळी त्या दिसेनाशा झाल्या आणि भिंतीवर एक कागदी पुडी दिसली. आत बारा बिया. चिठ्ठी नाही, काही नाही.

त्याच दिवशी पेरल्या. आणि मग माझे सहा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बाईंनी भाजल्या असतील का? मी त्यांच्या जागी असते तर नक्की भाजल्या असत्या. कागद दहा वेळा हुंगला, पण आता नाकावरचा विश्वास उडाला होता. एकाच फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. हे म्हणाले, "उकरून बघ हवं तर."

"गप्प बसा तुम्ही!"

सहाव्या दिवशी सकाळी मातीला भेग दिसली. मग दुसरी. दुपारपर्यंत सगळ्या रोपांनी माना वर काढल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

"किती आले?" बाई भिंतीपलीकडे उभ्या होत्या.

"बाराच्या बारा," मी म्हणाले. "बाई, मला वाटलं होतं, तुम्ही पण..."

"आलं होतं मनात," बाई सरळ म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? रागच तसा आला होता. मग म्हटलं, तुमच्या आईनं माझं काय वाईट केलंय?"

आठ वर्षांत आईबद्दल कुणी असं बोललं नव्हतं, अजून ती इथेच आहे आणि तिची भीड धरायला हवी, असं. मी वाफ्याच्या कडेला बसले आणि बाईंच्या देखत पोटभर रडले. फार बरं वाटलं.