न सांगितलेली मिश्री

ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. सकाळी पोटाचा पट्टा सोडून महामायानं आरशात पाहिलं, तर बेंबीच्या खाली, टाक्यांच्या मधोमध, रुपयाएवढा डाग. काल जांभळट होता, आज काळा पडला होता. कापसाला पिवळट पाणी लागलं, आणि त्याला वास होता.

ती कॉटच्या कडेला टेकली. कातडी ओढून शिवलेली, त्यामुळं आठवडाभर ती कमरेत वाकूनच चालत होती.

जुळ्यांच्या बाळंतपणानंतर तिचं पोट जागेवर आलंच नव्हतं. आतले स्नायू फाकलेले, त्यानं पाठ कायम दुखायची, वरची कातडी लोंबलेली, उन्हाळाभर घडीखाली चिघळायचं. पोरं आठ वर्षांची झाली तरी नांदेडच्या सिटी बसमध्ये बाया उठून जागा द्यायच्या, "कितवा महिना, ताई?" म्हणून विचारायच्या. शेवटी तिनं ऑपरेशनचं ठरवलं. नवऱ्यानं, आनंदराजनं, रेल्वे ऑफिसातून रजा काढली आणि शिरूर अनंतपाळहून आईला, कोंडाबाईला, बोलावून घेतलं.

ऑपरेशनआधी डॉक्टर तनुजांनी एक गोष्ट दोनदा विचारली होती. "तंबाखू, मिश्री, काही? असेल तर एक महिना आधी बंद, एक महिना नंतर बंद. त्यानं कातडीला रक्त पोचत नाही."

"छे हो, मॅडम."

शाळेत पोरांकडून तंबाखूमुक्तीची शपथ म्हणवून घेणारी बाई ती, हो कसं म्हणणार? लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळी दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय तिचं पोट साफ होत नव्हतं, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. ऑपरेशनच्या चार दिवस आधी तिनं सोडली. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली ती डोकं ठणकत, पोट गच्च, आणि कुंथलं तर टाके उसवतील ही भीती. कोंडाबाईनं तळहातावर चिमूटभर मिश्री काढली.

"लाव जराशी. दवा समजून लाव."

तिनं लावली. मग रोजच लावली.

डाग दिसला त्याच दिवशी नवरा आणि सासू तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि डागाच्या कडेनं हलकेच दाबून पाहिलं.

"इथली कातडी मेलीय," त्या म्हणाल्या. "रक्त पोचलं नाही. शुगर तर नव्हती तुम्हाला. तंबाखूचं मी विचारलं होतं…"

"तंबाकू?" कोंडाबाई मधेच म्हणाली. "आमची सून मास्तरीन हाय, बाई. तसलं काय न्हाई आमच्यात."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर तपासण्या लिहायला लागल्या. शुगर पुन्हा, रक्ताच्या आणखी दोन. महामाया त्यांचं पेन पाहत राहिली. एक खोटं बोलली होती, आता त्यावर दुसरं चढत होतं, आणि डॉक्टर त्याच्यामागं भलतीकडंच निघाल्या होत्या.

"मॅडम, लिहू नका," ती म्हणाली. "मिश्री लावते मी. सतरा वर्षं झाली. आज सकाळीसुद्धा लावली."

आनंदराज खाली मान घालून बसला.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन ठेवलं. "तेव्हा सांगितलं असतंत तर मी तारीख पुढं ढकलली असती. दुसरं काही केलं नसतं."

"म्याच दिली तिला," कोंडाबाई म्हणाली. "माझ्याच हातानं दिली."

मेलेली कातडी कापून काढली. खाली बोटाचं पेर बुडेल एवढा खड्डा राहिला. तो टाके घालून बंद करायचा नव्हता, आतूनच भरून यायला हवा होता. रोज ड्रेसिंग, रोज तोच वास, आणि मिश्री बंद केल्यानं सकाळी डोकं ठणकायचं. पोरांवर ती विनाकारण खेकसायची, मग तोंडावर पदर घेऊन रडायची. ताप आला की वाटायचं, आता आत पसरलं.

कोंडाबाईला मात्र सुटेना. ती न्हाणीच्या मागं जाऊन लावायची, चूळ भरून यायची, आणि तरी वास यायचाच. एका सकाळी तिनं पिशवी भरली. "मी जाते, पोरी. माझा वास आला की तुझा जीव खालीवर व्हतो. मला दिसत न्हाई व्हय?"

महामायानं तिला थांबवलं नाही. नंतर तेच तिला खात राहिलं.

खड्डा भरायला अकरा आठवडे लागले. बोटाएवढा रुंद, चकचकीत वण राहिला. "वर्षभरानं नीट करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "मिश्री परत धरली नाहीत तर."

महामायाची पाठ दुखायची थांबली होती. बसमध्ये कुणी काही विचारत नव्हतं. पण रोज सकाळी जीव मिश्रीकडं ओढायचा, आणि उद्या आपण काय करू याची तिला खात्री देता येत नव्हती.

पुढच्या रविवारी ती एकटीच एसटीनं शिरूरला गेली. कोंडाबाई ओसरीवर तूर निवडत होती. सुनेला पाहून ती उठलीच नाही.

"जखम भरली का?" तिनं खाली बघतच विचारलं.

"बघा की, आत्याबाई."

आत जाऊन महामायानं पदर बाजूला केला. म्हातारीनं हात पुढं केला, पण वणाला लावला नाही, तसाच मागं घेतला.

"झाक," ती म्हणाली. "जेवली का न्हाई सकाळपासून?"