गोठ्यातला बल्ब

सुनील, माझा धाकटा भाऊ, गेल्या उन्हाळ्यात शेवगावकडच्या आमच्या रानात मोटर चालू करायला गेला आणि स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला चिकटून मेला. दहावा आटोपून मी सासरी जामखेडकडच्या वस्तीवर आले ती एकच हट्ट धरून. घरात शॉकपासून वाचवणारी ईएलसीबी बसल्याशिवाय माझ्या लेकीला, संस्कृतीला, मी अंगणात उतरू देणार नाही. चार वर्षांची पोर, तिच्या पायात चप्पल काही टिकत नाही.

माझा नवरा कल्याण समजूतदार. उसाच्या हंगामाला ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर जाण्याआधी त्याने गोरक्ष वायरमनला आणलं आणि ओसरीवर मीटरशेजारी ती पांढरी डबी बसवून घेतली.

गोरक्षने मला समजावून सांगितलं. "वहिनी, एका तारेनं जेवढा करंट जातो तेवढाच दुसऱ्या तारेनं माघारी यायला पायजे. जरा कमी आला, की ही समजती, कुनाच्या तरी अंगातनं जमिनीत गेला. मग पापनी लवायच्या आत खटका पाडती."

डबीवर एक बारकं बटण होतं. ते अधूनमधून दाबून बघायचं, खटका पडून अंधार झाला तर डबी चांगली. मला फार दिवसांनी जरा धीर आला.

तो धीर त्याच संध्याकाळी संपला. माझे सासरे कारभारीमामा धार काढायला गोठ्यात गेले, बल्बचं बटण दाबलं आणि घरभर अंधार. खटका वर केला, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा अंधार. गोरक्षला परत बोलावलं तर तो गोठ्यात जाऊन आला आणि कपाळाला हात लावून बसला. मामांनी गोठ्याला एकच तार नेली होती. दुसरी तार वाचवून बल्बचं दुसरं टोक त्यांनी पाण्याच्या हौदाजवळ जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधलं होतं. आमच्याकडे रानावस्तीवर असंच चालतं, आणि ज्याला जमतं तो हुशार म्हणवतो.

"मामा, तुमचा करंट जमिनीत जातोय. माघारी येतच न्हाई. डबी पडनारच," गोरक्ष म्हणाला. "दुसरी तार वढा."

"ज्वारी निगाली की वढू," मामा म्हणाले.

पुढे रोज संध्याकाळी आमची तोंडं वाजायची. मामा मनाने वाईट नाहीत, पण स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्यांचा तोल जातो. एकदा ते डबीकडे बोट करून म्हणाले, "तुझ्या म्हायेरचं दुख हितल्या भिंतीला ठोकून ठिवलंस व्हय?"

मी त्या रात्री जेवले नाही. राग आला होता आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली होती, जणू भाऊ मेला हा माझाच गुन्हा.

मग एके दिवशी खटका पडायचा थांबला. गोठ्यात बल्ब लागला, घरातही उजेड राहिला.

"तार वढली का मामा?" मी विचारलं.

"वढली," मामा म्हणाले आणि वैरण टाकायला गेले.

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासाठी मुद्दाम पुरणपोळी केली. संस्कृतीलाही आजोबांच्या मागे गोठ्यात जायची मुभा दिली. गोठ्यात चप्पल घालून कुणी जात नाही, गाय म्हणजे लक्ष्मी; म्हणून तीही अनवाणीच पळायची. त्याच सुमाराला आमची तांबडी गाय हौदावर पाणी पिईना. चार पावलं जायची आणि अंग चोरून मागे फिरायची. मामांनी डॉक्टर आणला, त्याला काही सापडलं नाही. बादलीने दिलं की मात्र घटाघटा प्यायची. मी याचा काही विचार केला नाही.

काल दिवेलागणीला मला डबीचं बटण आठवलं. दाबलं. खटका पडला, घरात अंधार झाला. मी समाधानाने वळले आणि समोर पाहिलं तर गोठ्यातला बल्ब तसाच जळत होता.

क्षणभर काही कळेना. मग उमगलं. मामांनी तार ओढलीच नव्हती. गोठ्याची तार त्यांनी डबीच्या अलीकडून, मीटरकडच्या बाजूने जोडून घेतली होती. डबीला आता गोठा दिसतच नव्हता.

आणि हौदाशेजारी संस्कृती उभी होती. अनवाणी, चिखलात, हातात स्टीलचा पेला. ती त्या सळईच्या बुडाशी पाणी ओतत होती.

"आई बघ," ती म्हणाली, "पानी घातलं की बल्ब मोठा हुतो. आजोबांनी मला काम दिलंय."

मी तिच्याकडे धावले नाही. ओरडलेही नाही. दचकून तिने सळईच धरली असती. मी मेनचा खटका खाली ओढला आणि मगच पळाले. पोरीला उचललं तेव्हा तिचे ओले पाय माझ्या पोटाला लागले आणि मी रडायला लागले.

"लाईट कुनी घालवली? धार ऱ्हायली की," म्हणत मामा गोठ्यातून बाहेर आले.

"मी. हिला पानी घालायला तुमी लावलं?"

"वल असली की उजेड बरा पडतो. पोरीला मजा वाटती. आजवर काय झालंय का?"

"मग तुमी उभं ऱ्हावा तितं," मी म्हणाले. सासऱ्यांशी मी कधी असं बोलले नव्हते. "सळईला हात लावून. मी मेन चालू करते."

दाव्याला बांधलेल्या तांबडीकडे मामांनी पाहिलं, मग हौदाकडे. हौदाजवळच्या ओल्या जमिनीतला करंट गायीला लागत होता हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते वाकले, सळईकडे हात नेला आणि मध्येच थांबले.

"मेन बंद हाय न्हवं? नक्की?"

"बंद हाय."

तरी त्यांनी आधी बोटाची पाठ लावून पाहिली. मग दोन्ही हातांनी सळई उपटली आणि कुंपणापलीकडे टाकून दिली. अंधारातच त्यांनी उरलेली धार काढली. दुधाची चरवी माझ्यापुढे ठेवली, पण ते आत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

"धनश्री," ते म्हणाले. वर्षभरात त्यांनी माझ्या भावाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. "सुनीलच्या पायात चप्पल हुती का गं?"

"न्हवती, मामा."

त्यांनी संस्कृतीला माझ्या कडेवरून घेतलं आणि धोतराच्या सोग्याने तिचे पाय पुसत बसले. पाय कोरडे झाले तरी ते पुसतच होते.