दोन कमी

आठवीच्या बाईंना दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं. चाचणीत ‘आठ मोठे की पन्नासचं वर्गमूळ?’ या प्रश्नाला अख्ख्या वर्गाने ‘वर्गमूळ’ असं ठोकून दिलं होतं. कारण काय, तर पन्नास मोठे! मुळाचं चिन्ह म्हणजे मुलांना नुसती डोक्यावरची छत्री वाटली. पेपर पाहून मोठ्या बाई म्हणाल्या, “उद्या मी मागच्या बाकावर बसते. जमलं तर ठीक, नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ.” नोकरीला जेमतेम चार महिने झालेले.

संध्याकाळी त्यांनी वडिलांना गळ घातली. वडील सुतार. चाळीस वर्षं चौकटी काटकोनात बसवल्या, आणि तोंडी एकच हिशेब: पन्नासाला सत्तर, वर नखभर. म्हणजे पन्नास सेंटीमीटरच्या चौरसाचा कर्ण सत्तर, आणि वर नखाएवढं काहीतरी. ते नखच बाईंना हवं होतं. चौरसाचा कर्ण म्हणजे बाजू गुणिले दोनचं वर्गमूळ. मुलं कर्ण मोजतील, सत्तरच्या पुढे जरासं उरेल, आणि हे मूळ सात पंचमांशपेक्षा मोठं आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. पण घाईघाईत त्या एवढंच म्हणाल्या, “बाबा, प्लायचा एक चौरस कापून द्या ना, तुमचा तो पन्नासाला सत्तरवाला. मोठ्या बाई बसणार आहेत, माझी फजिती नको व्हायला.”

“तू नको काळजी करू,” असं म्हणत बाबांनी कानामागची पेन्सिल काढली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलाने कर्णावर टेप लावली आणि ओरडला, “बाई, बरोब्बर सत्तर!” आणखी दोघांनी मोजलं. सत्तरच. नख गायब! “म्हणजे सत्तर भागिले पन्नास. दोनचं वर्गमूळ म्हणजे सात पंचमांश, झालं की!” मागे मोठ्या बाईंचं पेन वहीवर चालू लागलं.

तेवढ्यात वर्गातली शंकासूर उठली. या मुलीचा सूर्य उगवल्यावरही विश्वास बसत नसे. तिने कर्ण सोडून बाजूच मोजली. “बाई, ही पन्नास कुठंय? साडेएकोणपन्नास आहे.”

वर्ग खो-खो हसला. बाईंना आधी बाबांचा रागच आला, आणि मग लख्ख कळलं. त्या हातून अर्ध्या सेंटीमीटरची चूक होत नसते. लेकीची फजिती नको म्हणून बाबांनी बाजू कमी कापून ते नखच काढून टाकलं होतं! बाईंनी खडू उचलला.

“मग खरा अपूर्णांक कोणता?”

“सत्तर भागिले साडेएकोणपन्नास.”

“दोन्ही दुप्पट करा.”

“एकशे चाळीस छेद नव्व्याण्णव.”

“टेप म्हणते, हेच दोनचं वर्गमूळ. खरं?”

“वर्ग करून बघू,” शंकासूर पुटपुटली. मुलं वह्यांवर वाकली. एकशे चाळीसचा वर्ग एकोणीस हजार सहाशे. नव्व्याण्णवचा वर्ग नऊ हजार आठशे एक, त्याची दुप्पट एकोणीस हजार सहाशे दोन.

“दोन कमी पडले!” ती किंचाळलीच. “टेपला दिसत नाही, पण अपूर्णांकच लहान आहे, बाई!”

“आणि पन्नासचं वर्गमूळ आणि आठ?”

“पन्नास आणि चौसष्ट,” अख्खा वर्ग ओरडला, “आठ मोठे!”

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी वही मिटली. “वर्ग तुमच्याकडेच राहू दे. हा चौरस कुणी कापला?”

“माझ्या बाबांनी,” बाई म्हणाल्या. मग उगाचच पुन्हा म्हणाल्या, “माझ्या बाबांनी.”

घरी बाबा दारातच उभे. “आलं ना सत्तर?”

“आलं, बाबा. तुमच्यामुळे वर्ग राहिला माझा.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाबांनी बाकीचं सोडून एकच गोष्ट धरली.

“दोन कमी पडले? आण इकडे, नवीन कापून देतो.”

“कितीही वेळा कापलंत ना, तरी अपूर्णांकात ते मूळ बरोब्बर बसायचं नाही, बाबा. कमी-जास्त राहणारच.”

बाबांनी कानामागे पेन्सिल चाचपली.

“राहू दे. तुला लागेल तेव्हा सांग, मी कापत जाईन.”