साठ दिवस आणि अकरा ओळी

प्रकल्प सांभाळणाऱ्यांनो, तुम्ही तिचं काम वाचलंच नाहीत. तुमच्या वेबपानावर 'नवशिक्यांचं स्वागत आहे' असं ठळक लिहिलंय आणि आलेल्या नवशिक्या बाईला तुम्ही दारात ताटकळत ठेवलंत. मी साक्षीदार आहे.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. बिजागरी तुटकी, पंखा घरघरणारा. एका कचेरीने मला टाकून दिलं, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी आणलं आणि शिलाई मशीनशेजारी जागा दिली.

तिची धाकटी बहीण जन्मापासून आंधळी. दवाखान्यात बसून ती फोनवर रुग्णांना डॉक्टरांची वेळ देते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम तिच्या मदतीला असे. पण वेळांच्या तक्त्यात रिकामा रकाना आला, की तो गप्प बसे आणि तिच्याकडून वेळा चुकत.

"ताई, तो मुका झाला की मी आंधळी होते," धाकटी म्हणायची. "एरवी माझं काही अडत नाही."

साहेबांनी तिला सहा महिन्यांची मुदत दिली होती. चुका थांबल्या नाहीत, तर टेबल जाणार.

तो प्रोग्रॅम खुला होता. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, दुरुस्त करावा आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे पाठवावा. त्यांनी तपासून आत घेतला, तरच तो सगळ्यांना मिळतो. दवाखान्यातही त्यांचीच प्रत चाले, घरी दुरुस्त केलेली नाही.

ताई शिकली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा माझ्यासमोर बसायची, बोटाला अंगुस्तान तसंच. पहिल्या खेपेला तिने आजूबाजूच्या चारशे ओळीही नीटनेटक्या करून पाठवल्या. तिथल्या तपासणीच्या यंत्रणेने लगेच परत केल्या: एका वेळी एकच बदल.

"बाही सैल करायला दिली आणि मी अख्खा झगा उसवला," ती हसली. पुन्हा बसली. शेवटी अकरा ओळी उरल्या. माझ्यावर तिने तसाच एक तक्ता वाचून घेतला. रिकाम्या रकान्याला प्रोग्रॅम 'रिकामा' म्हणाला आणि पुढे गेला. धाकटीने माझ्या झाकणावर थोपटलं. इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

ताईने काम पाठवलं. उत्तर आलं नाही.

"अगं, आठवण तरी करून दे त्यांना," धाकटी म्हणाली.

"फुकट राबतात ती माणसं. डोक्यावर कशाला बसायचं? पाहतील सवडीने."

तिला वाटलं, गप्प राहणं म्हणजे अदब. तुमच्याकडे गप्प राहिलेल्याला मेलेला धरतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकसष्टाव्या दिवशी पडद्यावर आलं: 'साठ दिवस हालचाल नाही. पाठवणाऱ्याला रस नसावा. बंद.' तिने खाली लिहायला घेतलं, तर लिहायची सोयही बंद.

पुढच्या आठवड्यात मुदत संपली. धाकटीला मागच्या खोलीत पाकिटं चिकटवायला बसवलं.

"बरं आहे गं," ती म्हणाली. "तिथे काही वाचावंच लागत नाही."

ताईने माझं झाकण लावलं. माझ्यावर आता कापडाचे तुकडे साठतात.

मित्रांनो, उद्या कुणी कष्टाने केलेलं काम तुमच्यापुढे ठेवलं, तर ते उघडून बघा. नको असेल तर नको म्हणा, पण तोंडाने म्हणा.

आणि तुम्ही, प्रकल्प सांभाळणारे. दमला असाल, मान्य. मला एवढंच सांगा: त्या अकरा ओळींत चूक काय होती?